उंबरठ्याबाहेर आणि उंबरठ्याच्या आत

डॅन्यूब नदीच्या एका काठावर हंगेरीतले एस्टरगोम आहे आणि दुसऱ्या काठावर स्लोव्हाकियातले श्टुरोवो. या दोन गावांना जोडणारा, सम्राट फ्रान्झ योझेफच्या मुलीचे नाव दिलेला एक लोखंडी पूल १८९५ साली बांधला गेला होता. डिसेंबर १९४४मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन फौजांनी तो उडवून दिला. त्यानंतर दोन्ही काठांवर कम्युनिस्ट राजवटी आल्या. दोन्ही देश वॉर्सा करारात होते, एकमेकांना बंधुराष्ट्र म्हणत होते आणि श्टुरोवोत तर बहुसंख्य लोक हंगेरियनच बोलतात. तरीही पाण्यात उभे राहिलेले खांब तसेच राहिले. १९८९ साली कम्युनिस्ट राजवटी कोसळल्या, निवडणुका झाल्या, तरी पूल झाला नाही. तो खुला झाला ऑक्टोबर २००१मध्ये, तब्बल सत्तावन्न वर्षांनी. आणि त्याच्या खर्चाचा मोठा वाटा युरोपीय महासंघाने उचलला होता.

यातली लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की २००१ साली या दोघांपैकी एकही देश महासंघाचा सदस्य नव्हता. दोघेही सदस्य होऊ पाहत होते. या ‘होऊ पाहण्यात’ केवढी ताकद होती आणि सदस्य ‘झाल्यावर’ ती कुठे गेली, हा प्रश्न मला कम्युनिस्टोत्तर युरोपच्या साऱ्या कहाणीत कळीचा वाटतो. त्यासाठी मी हेच दोन शेजारी निवडले आहेत. दोघेही १ मे २००४ या एकाच दिवशी महासंघात दाखल झाले. मात्र त्याआधी सातच वर्षे एकाला दारातून परत पाठवण्यात आले होते आणि दुसरा वर्गातला पहिल्या बाकावरचा विद्यार्थी मानला जात होता. पुढे जे घडले ते प्रगतिपुस्तकावरून कोणाला ओळखता आले नसते.

परीक्षा कशाची होती?

जून १९९३मध्ये कोपनहेगनला भरलेल्या शिखर परिषदेत महासंघाच्या नेत्यांनी पूर्वेकडच्या देशांसाठी प्रवेशाच्या अटी ठरवल्या. पहिली अट राजकीय होती: लोकशाही, कायद्याचे राज्य, मानवी हक्क आणि अल्पसंख्याकांचे संरक्षण यांची हमी देणाऱ्या स्थिर संस्था. दुसरी आर्थिक होती: चालती बाजारव्यवस्था आणि स्पर्धेला तोंड देण्याची ताकद. तिसरी अट म्हणजे सदस्यत्वाची सारी बंधने पेलण्याची क्षमता.

ही तिसरी अट वाचायला सोपी, पण निभवायला सर्वांत अवघड. महासंघाचा तोवर साठलेला कायदा एकतीस प्रकरणांत विभागलेला होता आणि त्याची पाने सुमारे ८० हजार भरतात असे सांगितले जाई. दुधाच्या स्वच्छतेपासून बँकांच्या भांडवलापर्यंत सगळे त्यात होते. या प्रक्रियेला ‘वाटाघाटी’ म्हणत असले तरी कायदा स्वीकारायचा की नाही, हा चर्चेचा विषयच नव्हता. कधीपासून आणि किती सवलतीने, एवढेच काय ते बोलायचे. दरवर्षी युरोपीय आयोग प्रत्येक उमेदवार देशाचा अहवाल काढी आणि त्या त्या राजधानीत तो निकालपत्रासारखा वाचला जाई.

या व्यवस्थेचे यश नाकारता येत नाही. एका पिढीच्या आत डझनभर देशांनी आपली सगळी कायदेव्यवस्था नव्याने उभी केली, तीही बंदुकीच्या धाकाशिवाय. पण तिच्यात एक उणीव पहिल्यापासून होती. कायदा झाला की नाही, हे तपासता येते. तो कायदा पाळण्याची सवय राज्यकर्त्यांना लागली का आणि तो मोडला तर लोक रस्त्यावर येतील का, हे कोणत्याही प्रकरणात तपासता येत नव्हते. शिवाय पाने भराभर उलटायची म्हणून संसदांनी शेकडो कायदे फारशी चर्चा न करता मंजूर केले. लोकशाही शिकण्याचा काळ होता आणि संसदेची मुख्य सवय लागत होती ती वर हात करण्याची.

परत पाठवलेला विद्यार्थी

१ जानेवारी १९९३ रोजी चेकोस्लोव्हाकियाचे दोन देश झाले आणि स्लोव्हाकियात व्लादिमिर मेचियार यांचे पर्व सुरू झाले. निवडून येणारे, लोकप्रिय, आणि निवडून आल्यावर राज्य हे आपल्या पक्षाची मालमत्ता मानणारे असे हे नेते. त्यांच्या काळात सरकारी कारखाने मर्जीतल्या लोकांना स्वस्तात गेले. १९९६ साली पक्ष सोडणाऱ्या एका खासदाराची खासदारकीच काढून घेण्यात आली. त्याआधी ऑगस्ट १९९५मध्ये तर राष्ट्राध्यक्ष मिहाल कोवाच यांच्या मुलाला पळवून सीमेपलीकडे ऑस्ट्रियात नेऊन सोडण्यात आले आणि संशय देशाच्याच गुप्तचर खात्यावर आला. १९९८ साली राष्ट्राध्यक्षांचे अधिकार काही काळ हाती आले तेव्हा मेचियार यांनी या प्रकरणात माफी जाहीर करून तपासाचे दार बंद केले.

याची किंमत १९९७ साली मोजावी लागली. जुलैत नाटोने पोलंड, हंगेरी आणि चेक प्रजासत्ताकाला बोलावले, स्लोव्हाकियाला वगळले. डिसेंबरात लक्झेंबर्गच्या परिषदेत महासंघानेही तेच केले. मागे राहिलेले देश आणखीही होते, पण निव्वळ राजकीय अटीवर नापास झालेला उमेदवार स्लोव्हाकिया एकटाच.

इथून पुढचा भाग मला सर्वांत शिकण्यासारखा वाटतो. ब्रुसेल्सने दार लावले म्हणून मेचियार बदलले नाहीत. त्यांनी निवडणुकीचा कायदा बदलला. १९९८च्या मे महिन्यात साऱ्या देशाचा एकच मतदारसंघ करण्यात आला आणि आघाडीतल्या प्रत्येक पक्षाला स्वतंत्रपणे पाच टक्के मते मिळवण्याची अट घालण्यात आली. उद्देश उघड होता: विरोधकांची आघाडी बुडवायची. विरोधकांनी उत्तर म्हणून पाच पक्षांचा कागदोपत्री एकच पक्ष केला. स्वयंसेवी संघटनांनी गावोगाव मतदान जागृतीची मोहीम काढली; पहिल्यांदा मत देणाऱ्या तरुणांवर तिचा खास भर होता. सप्टेंबरात ८४ टक्के मतदान झाले. मेचियार यांचा पक्ष तरीही थोडक्या फरकाने पहिला आला, पण सोबत यायला कोणी तयार नव्हते. मिकुलाश झुरिंदा यांचे सरकार आले आणि त्यात अल्पसंख्य हंगेरियनांचा पक्षही सामील झाला. पुढच्याच वर्षी पुलाच्या बांधणीचा करार झाला तो याच सरकारच्या काळात.

महासंघाने यात नेमके काय केले? त्याने विरोधकांच्या हाती एक सामायिक मोजपट्टी दिली. एकमेकांशी न पटणारे उजवे, डावे, हिरवे, हंगेरियन असे सगळे ‘आपण युरोपबाहेर राहता कामा नये’ या एका वाक्यावर एकत्र येऊ शकले. मोजपट्टी बाहेरची होती. ती उचलणारे हात मात्र घरचे होते. डिसेंबर १९९९मध्ये हेलसिंकीला स्लोव्हाकियाला बोलावणे आले आणि उशिरा सुरुवात करूनही तो इतरांबरोबरच पोहोचला.

पहिल्या बाकावरचा विद्यार्थी

हंगेरीची गोष्ट अगदी वेगळी. यानोश कादार यांच्या राजवटीत तिथला साम्यवाद शेजाऱ्यांपेक्षा मऊ होता. छोटे धंदे, थोडी मोकळीक, बऱ्यापैकी भरलेली दुकाने होती, आणि या सगळ्यासाठी परदेशातून काढलेले भरमसाट कर्जही. १९८९ साली सत्ताधारी आणि विरोधक एका टेबलाभोवती बसले आणि रक्त न सांडता राजवट बदलली. १६ जून १९८९ रोजी, १९५६च्या उठावानंतर फाशी दिलेले पंतप्रधान इम्रे नॉज यांचे सन्मानाने पुन्हा दफन झाले. त्या सभेत सव्वीस वर्षांच्या एका तरुणाने सोव्हिएत फौजा परत नेण्याची मागणी केली आणि तो रातोरात देशाला ठाऊक झाला. त्याचे नाव विक्टर ऑर्बान. त्याच्या पक्षात, फिडेसमध्ये, तेव्हा पस्तिशीच्या वरच्या माणसाला प्रवेशच नव्हता.

परकीय गुंतवणूक सुरुवातीला सर्वाधिक आली ती हंगेरीत. एस्टरगोमला सुझुकीने आणि ग्यॉरला आउडीने कारखाने काढले. मार्च १९९४मध्ये महासंघाकडे सदस्यत्वाचा अर्ज करणारा पहिला माजी कम्युनिस्ट देश हंगेरी होता. निवडणुकीमागून निवडणूक सरकारे बदलत होती आणि धोरण मात्र एकच राहत होते, ते म्हणजे युरोप.

हेच नंतर नडले असे मला वाटते. डावे आले काय, उजवे आले काय, पुस्तक ८० हजार पानांचे तेच. मग मतदाराने निवडायचे काय? एप्रिल २००३मध्ये सदस्यत्वावर सार्वमत झाले तेव्हा मतदान करणाऱ्यांपैकी जवळजवळ ८४ टक्क्यांनी होकार दिला, पण मतदानालाच निम्म्याहून कमी लोक आले. ज्या प्रवेशासाठी पंधरा वर्षे धडपड केली, त्या दिवशी अर्धा देश घरी बसला होता. परीक्षा उत्तीर्ण झाली होती, पण ती आपली परीक्षा होती असे अनेकांना वाटत नव्हते.

त्यानंतर दोन धक्के बसले. २००६ साली समाजवादी पंतप्रधान फेरेन्त्स ज्युर्चान्य यांचे पक्षाच्या बंद बैठकीतले भाषण फुटले. त्यात ते लोकांशी खोटे बोलल्याची कबुली देत होते. बुडापेस्टच्या रस्त्यांवर दंगली झाल्या. २००८ साली जागतिक आर्थिक संकट आले. हजारो कुटुंबांनी घरांसाठी स्वस्त म्हणून स्विस फ्रँकमध्ये कर्जे घेतली होती. फोरिंट घसरला आणि हप्ते आवाक्याबाहेर गेले. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी, महासंघ आणि जागतिक बँक यांनी मिळून सुमारे २० अब्ज युरोंची मदत उभी केली तेव्हा देश तरला. अशा वेळी ‘युरोप’ या शब्दात वचनापेक्षा बिलच अधिक दिसणे साहजिक होते.

दोन तृतीयांश

एप्रिल २०१०मध्ये ऑर्बान यांच्या आघाडीला सुमारे ५३ टक्के मते आणि ३८६पैकी २६३ जागा मिळाल्या. हंगेरीत संसदेला एकच सभागृह आहे आणि त्यातल्या दोन तृतीयांश मतांनी राज्यघटना बदलता येते. आपल्याकडे घटनादुरुस्तीला दोन्ही सभागृहे लागतात, काही बाबतींत निम्म्या राज्यांची संमती लागते आणि १९७३च्या केशवानंद भारती निकालानंतर घटनेच्या मूलभूत चौकटीवर न्यायालयाचा पहारा आहे. तिथे असे काहीच नव्हते. वर्षभरात नवी राज्यघटना मंजूर झाली आणि १ जानेवारी २०१२पासून लागू झाली. संसदेच्या जागा १९९ झाल्या आणि मतदारसंघ नव्याने आखले गेले. घटनान्यायालयाचे सदस्य अकरावरून पंधरा झाले. २०१३च्या दुरुस्तीने घटनादुरुस्त्यांचा आशय तपासण्याचा अधिकारही त्या न्यायालयाला उरला नाही. २०१४ साली सत्ताधाऱ्यांची मते ४५ टक्क्यांच्या आत आली, तरी जागा १३३ मिळाल्या, म्हणजे पुन्हा बरोबर दोन तृतीयांश.

यातले एकही पाऊल बेकायदा नव्हते, कारण कायदा करणारेच पाऊल टाकत होते. आणि महासंघ? त्याच्याकडची हत्यारे दाराबाहेरच्या माणसासाठी घडवलेली होती. न्यायाधीशांचे निवृत्तीचे वय एकदम ७०वरून ६२वर आणून शेकडो अनुभवी न्यायाधीशांना घरी पाठवण्यात आले, तेव्हा आयोगाने युरोपीय न्यायालयात दावा लावला तो न्यायसंस्थेच्या स्वातंत्र्याचा नव्हे, तर वयावरून भेदभाव केल्याचा. कारण हाताशी असलेला कायदा तेवढाच होता. नोव्हेंबर २०१२मध्ये आयोग जिंकला. तोवर महत्त्वाच्या खुर्च्या भरल्या गेल्या होत्या. १९९१ साली स्थापन झालेल्या सेंट्रल युरोपियन युनिव्हर्सिटीला बुडापेस्टमध्ये काम करणे अशक्य करणारा कायदा २०१७ साली झाला. न्यायालयाने तो ऑक्टोबर २०२०मध्ये चुकीचा ठरवला. तोपर्यंत विद्यापीठ व्हिएन्नाला गेले होते.

सर्वांत कडक हत्यार म्हणजे कराराचे सातवे कलम. त्याखाली सदस्याचा मताधिकारही काढून घेता येतो. सप्टेंबर २०१८मध्ये युरोपीय संसदेने हंगेरीविरुद्ध ते कलम लावण्याचा ठराव केला. पण शिक्षेपर्यंत जायचे तर बाकी सर्व सदस्यांचे एकमत हवे. तेव्हा पोलंडच्या सरकारवरही हीच कारवाई चालू होती, आणि दोघांनी एकमेकांना सांभाळून घेण्याचे ठरवले होते. एकमताचा नियम करणाऱ्यांनी एका वेळी एकच सदस्य बिघडेल असे गृहीत धरले होते.

पैसा आणि विकास

‘देश श्रीमंत झाला की लोकशाही आपोआप रुजते’ ही जुनी समजूत या दोन देशांत नीट तपासून पाहता येते. २००० सालाच्या सुमारास दोघांचेही दरडोई उत्पन्न, किमतींतला फरक धरून, महासंघाच्या सरासरीच्या निम्म्याच्या आसपास होते. आता ते सुमारे तीन चतुर्थांश आहे. म्हणजे विकास दोन्हीकडे झाला, जवळजवळ सारखाच झाला. स्लोव्हाकिया लोकसंख्येच्या मानाने जगात सर्वाधिक मोटारी बनवणारा देश ठरला. ब्रातिस्लाव्हात फोक्सवॅगन, त्रनाव्हाला प्यूजो, झिलिनाला किया असे कारखाने आले. नित्रा शहरात २०१८ साली जग्वार लँड रोव्हरचा कारखाना सुरू झाला आणि या कंपनीची मालकी मुंबईच्या टाटा समूहाकडे आहे. स्लोव्हाक सरकारने त्यासाठी दिलेल्या १२.५ कोटी युरोंच्या मदतीला युरोपीय आयोगाची परवानगी घ्यावी लागली, कारण स्पर्धेला बाधा येईल अशी सरकारी मदत महासंघात मनाला येईल तशी देता येत नाही.

इथे गंमत अशी, की एका मोटार कारखान्याला सरकारने किती मदत द्यावी याची छाननी करण्याचे कडक आणि वापरात मुरलेले नियम महासंघाकडे होते. एका सरकारने किती वर्तमानपत्रे आपल्या मित्रांच्या हाती द्यावीत याचे नव्हते. नोव्हेंबर २०१८मध्ये हंगेरीतली चारशेहून अधिक माध्यमे त्यांच्या सरकारधार्जिण्या मालकांनी एकाच प्रतिष्ठानाला देऊन टाकली. बाजारपेठेचा युरोप आणि लोकशाहीचा युरोप यांची बांधणी किती असमान झाली होती, हे यावरून दिसते.

शिवाय महासंघाचे अनुदान, जे काही वर्षांत हंगेरीच्या सकल उत्पन्नाच्या तीन टक्क्यांहूनही अधिक होते, ते रस्ते आणि शाळांबरोबर सत्तेजवळच्या कंत्राटदारांनाही पोसत राहिले. ज्या सरकारच्या वागण्यावर ब्रुसेल्स नाराज होते, त्याच सरकारला ब्रुसेल्सचा पैसा स्थिर ठेवत होता. हे उशिरा लक्षात आले. २०२०च्या अखेरीस अनुदान आणि कायद्याचे राज्य यांची सांगड घालणारा नियम झाला आणि डिसेंबर २०२२मध्ये हंगेरीचे ६.३ अब्ज युरो रोखण्यात आले. पण पुढच्याच डिसेंबरात, युक्रेनच्या प्रवेशावर निर्णय घ्यायच्या शिखर परिषदेच्या आदल्या दिवशी, आयोगाने दुसऱ्या खात्यात अडवलेले सुमारे १० अब्ज युरो मोकळे केले. न्यायव्यवस्थेत सुधारणा झाल्या, हे त्याचे अधिकृत कारण. टीकाकारांना मात्र त्यात सौदा दिसला.

मग स्लोव्हाकिया वाचला का?

तसेही म्हणता येत नाही. फेब्रुवारी २०१८मध्ये तरुण पत्रकार यान कुचियाक आणि त्याची होणारी पत्नी मार्टिना कुश्निरोव्हा यांचा त्यांच्या घरात खून झाला. तो ज्या प्रकरणांचा शोध घेत होता त्यांपैकी एक होते देशाच्या पूर्व भागात महासंघाच्या शेती अनुदानावर डल्ला मारणाऱ्या इटालियन टोळीचे. १९८९नंतरचे सर्वांत मोठे मोर्चे निघाले, पंतप्रधान रॉबर्ट फित्सो यांना जावे लागले आणि २०१९ साली झुझाना चापुतोव्हा राष्ट्राध्यक्ष झाल्या. २०२३ साली फित्सो पुन्हा निवडून आले आणि थोड्याच महिन्यांत भ्रष्टाचाराचे खटले चालवणारे विशेष सरकारी वकिलांचे कार्यालय बंद करण्यात आले.

फरक इतकाच, की स्लोव्हाकियात सरकार येते आणि जाते. त्याचे एक कारण १९९८च्या त्या कायद्यात आहे. मेचियार यांनी स्वतःच्या सोयीसाठी केलेला ‘एक देश, एक मतदारसंघ’ हा नियम पुढे टिकला. त्यामुळे जागा मतांच्या प्रमाणात मिळतात आणि घटना बदलण्याएवढ्या १५०पैकी ९० जागा एकट्या पक्षाला मिळवणे फार कठीण जाते. दुसरे कारण कायद्यात नाही. सत्ता डोईजड झाली की आपण चौकात जमलो तर ती हलते, हा अनुभव त्या समाजाने १९९८ साली मतपेटीतून आणि २०१८ साली रस्त्यावर घेतला आहे. पहिल्या बाकावरच्या हंगेरीला महासंघात शिरण्यासाठी तो धडा घ्यावाच लागला नाही.

मेचियार यांनी दिलेली ती माफी स्लोव्हाक संसदेने २०१७ साली रद्द केली. तेव्हा देश महासंघात जाऊन तेरा वर्षे झाली होती; बाहेरून कोणी तशी अट घातली नव्हती. ते घडले कारण लोकांनी विषय सोडला नाही आणि त्यावर निघालेल्या एका चित्रपटाने तो पुन्हा पेटवला.

आज युक्रेन, मोल्दोवा आणि पश्चिम बाल्कनमधले देश त्याच दारात उभे आहेत. युक्रेन आणि मोल्दोवाला जून २०२२मध्ये उमेदवारी मिळाली, दोन वर्षांनी वाटाघाटी औपचारिकपणे सुरू झाल्या. त्यांच्यासमोरही पुन्हा प्रकरणे आहेत आणि वार्षिक अहवाल आहेत. या वेळी कायद्याच्या राज्याची प्रकरणे सर्वांत आधी उघडायची आणि सर्वांत शेवटी मिटायची असा नियम आहे. म्हणजे महासंघही काही शिकला आहे. पण उंबरठ्याची ताकद उंबरठ्यापुरतीच असते. एकदा माणूस आत आला की घराला घरपण देणारे नियम घरातल्यांनाच राखावे लागतात. बाहेरून मिळू शकते ती मोजपट्टी, थोडा पैसा आणि थोडा वेळ. एवढ्या वेळात त्या देशातल्या लोकांना कायदा आपला वाटू लागला, तर पुढच्या परीक्षेची फार चिंता करावी लागत नाही.